हिनंच सांभाळला

"हिनंच सांभाळला त्याले," असं खुशालराव म्हणाला आणि मैनाबाईच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. वाईट तोंडानं काही तो म्हणाला नव्हता. मुलाचं, सहदेवचं, लग्न होतं, गोदाबाई अडतवाली पहिल्यांदाच घरी आली होती, आणि पाहुण्याला माडीपासून मोरीपर्यंत सगळं घर दाखवल्याशिवाय खुशालरावाला चैन पडत नसे. झुंबर दाखवून झालं, तांब्याचे हंडे दाखवून झाले, आणि मागच्या अंगणात वांगी निवडत बसलेली बहीण दिसली तेव्हा त्याच ओघात तीही दाखवून झाली. "हे आमची मैना. अकोल्याले आपला मळा हाय न, तेथीच राह्यते. सहदेव लहानपणी हिच्यापाशीच होता. हिनंच सांभाळला त्याले." गोदाबाईनं "बरं केलं व माय" म्हटलं, नाकावर येऊन बसलेला कापसाचा तंतू पदरानं पुसला आणि झुंबर मुंबईहून आणलं की काय ते विचारलं. मग ती दोघं आत गेली. मैनाबाईनं हातातलं वांगं टोपलीत टाकलं. चांगलं होतं, ते तिनं किडक्यांत टाकलं. मग लक्षात आल्यावर चरफडत पुन्हा बाहेर काढलं.

सांभाळला. हा शब्द तिच्या तोंडात जन्मभर होता आणि त्याच्याकडे तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं. अकोल्याला शेजारची पार्बताबाई जत्रेला निघाली की दाव्यासकट शेळी आणून हिच्या खुंटाला बांधायची. "सांभाळजो व मैना, मी येईलोक." शेळीला पाला घालायचा, पाणी दाखवायचं, तिनं वाफ्यात तोंड घातलं तर दोन शिव्या द्यायच्या, आणि पार्बताबाई आली की दावं तिच्या हातात द्यायचं. शेळी जाताना मागं वळून बघत नाही, आणि तिनं बघावं असं आपल्यालाही वाटत नाही. बाजारात अडत्याचा गडी गाडी येईपर्यंत कापसाचे डोकडे, ते बांधलेले गठ्ठे, सांभाळतो, ते त्याचे नसतात. सांभाळायच्या वस्तूला कुठंतरी एक मालक असतो, तो परत यायचा असतो, आणि हे सांभाळणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. मला ठाऊक होतं का, असं मैनाबाईनं स्वतःला विचारलं, आणि तिला भावाचा असा काही संताप आला की उठून आत जावं आणि त्या झुंबराखाली उभं राहून ओरडावं. पण ओरडायचं काय? शब्द कुठला वापरायचा? सांभाळला नाही म्हणावं तर मग काय केलं, तेही सांगावं लागणार.

जमुनावहिनी बाळंतपणात गेली तेव्हा खुशालराव नुसता खुशाल होता आणि लोकांच्या गाड्या हाकत होता. बारावं झालं आणि त्यानं फडक्यात गुंडाळलेलं पोर हिच्या मांडीवर ठेवलं. "पाह्य आता तूच," म्हणाला आणि बैल जुंपून घाटाकडं निघून गेला. हिचा नवरा आदल्या साली पटकीनं गेलेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली, विशी उलटायची होती. पाह्य आता तूच. कुठवर पाहायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. मांडीवर रडणारं पोर असताना असले हिशेब कुणाला सुचतात? गावात ओली बाळंतीण होती ती वेगळ्या जातीची, तिच्याकडं न्यायला म्हातारा बाप तयार होईना. मग शेळीचं दूध, त्यात पाणी, आणि कापसाचा बोळा. कापूस तेव्हा असा सोन्यासारखा मोलाचा नव्हता, गादीतून उपसला तरी कुणी विचारत नसे. बोळा दुधात बुडवायचा, तोंडात पिळायचा, पोरानं चोखायचा, ठसकायचं, निम्मं दूध कानात जायचं. मोठ्या माणसाला हिणवायचं झालं तर लोक म्हणतात, हा काय बोळ्यानं दूध पितो? पिणाऱ्याला हिणवतात, पण तो बोळा धरून बसणारीची पाठ कशी भरून येते हे त्या म्हणणाऱ्यांना काय कळणार! मैनाबाईला ते दूध अजून बोटांना लागल्यासारखं वाटे, आणि आताही तिनं वांग्याच्या देठानं चिकट झालेली बोटं लुगड्याला पुसली.

दुसरे शब्द नव्हते असं नाही. ती एकेक उचलून बघत होती. पाळला? पाळतात तो पोपट. पोसला? पोसायला दाणा भावाच्या घरचा होता, आणि ते तो कधीही ऐकवू शकला असता. वाढवला? वाढतात तर वांगीही, आणि त्यांना पाणी दिलं की पुरतं. भट म्हणतात तसं लालनपालन म्हणावं तर माळ्याच्या बाईच्या तोंडी ते उसनं लुगडं नेसल्यासारखं दिसलं असतं. एकच बोलणं होतं नीट बसणारं, रोजच्या भाषेतलं, कुणाही बाईच्या तोंडी येणारं: लहानाचा मोठा केला. मैनानं याला लहानाचा मोठा केला. चार माणसांत, भावाच्या तोंडून किंवा खुद्द पोराच्या तोंडून, एवढं एकदा कानावर पडावं, यासाठी ती अकोल्याहून गाडीत हाडं खिळखिळी करून घेत आली होती. मान नको होता, लुगडं नको होतं. आणि ते बोलणं उद्या बोललं जायचंच होतं. वरात चांदूरला निघायच्या आधी नवरदेवाची माय विहिरीच्या काठावर आत पाय सोडून रुसून बसते, तुला लहानाचा मोठा केला आता मला कोण बघेल म्हणते, काय काय खस्ता काढल्या ते एकेक करून सांगते, आणि नवरदेव फेरे घालून, विनवण्या करून तिला उठवतो. तिथं कुणी बसायचं याची घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही. कपाळाला कुंकू नसलेल्या बाईनं तिथं बसायचं नसतं. मनकर्णावहिनी, खुशालरावाची दुसरी बायको, बसणार होती. मनकर्णा या घरात आली तेव्हा सहदेव मिसरूड फुटायच्या बेतात होता.

आणि नव्हतं कुंकू कपाळाला, ते तरी कुणामुळं? तेल्हाऱ्याचा नत्थुजी दोनदा येऊन बसला होता ओसरीवर. बायको गेलेला, अंगापिंडानं धड, केळीचा बाग, बोलायला मऊ माणूस. आपल्यात विधवेचा पाट लागतो, लाजण्यासारखं काही नव्हतं. बापाला पटलं होतं. मैनालाही, खोटं कशाला बोला, पटलं होतं. दाराआडून तिनं त्याचे पाय पाहिले होते, स्वच्छ धुतलेले, आणि असा पाय धुऊन ओसरीवर चढणारा माणूस बरा असणार असं तिच्या मनानं घेतलं होतं. अट एकच घातली त्यानं. "लेकरू ज्याचं त्याले देऊन टाका. मंग काही म्हणनं नाही आपलं." रीतीला धरूनच होतं त्याचं. पोर तेव्हा पाळण्यात नव्हतं, चालायला लागलेलं, दाराआड हिच्या लुगड्याला धरून उभं होतं आणि ओसरीवरची पागोटी बघून हसत होतं. दुसऱ्या खेपेला मैनानं दाराआडूनच नाही म्हणून सांगितलं. नत्थुजी पाणी पिऊन गेला. त्यानंतर पाय धुऊन ओसरीवर कुणी आलं नाही. हे सगळं सांभाळण्यात बसतं का? शेळी सांभाळताना कुणी असलं काही करतं का?

बाहेर रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. अमरावतीला तेव्हा रीघ कधी तुटतच नसे. सात समुद्रापलीकडं कुठं दोन भाऊबंदांची लढाई जुंपली, त्यांचा कापूस थांबला, आणि साहेबाला वऱ्हाडाची काळी माती आठवली, एवढंच लोकांना कळलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. डाळीत कापूस, तुळशीवर कापूस, देवाच्या डोक्यावर कापूस. अकोल्याकडं आगगाडीसाठी मातीचे बांध पडत होते. तेजीच्या पहिल्याच साली खुशाल गाड्या हाकायचं सोडून गाड्यांचा मालक झाला, मग अडत, मग हे घर, मग नावाला राव. आणि त्याच साली तो नव्या दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसून अकोल्याला आला होता. सोबत जरीची टोपी आणली होती. "पोट्ट्याले धंद्यात घाला लागते आता. इथी वांगी खुडून काय होईन त्याचं?" मैना भाकरी थापत होती. तिला वाटलं, पोर म्हणेल नाही येत. पोरानं टोपी घातली, पाण्याच्या घंगाळात तोंड पाहिलं, आणि दमणीत चढून बसलं. तेरा वर्षांचं पोर ते, दमणीला घुंगरं होती, आपणही चढलो असतो त्या वयात, हे तिला कळत होतं. कळून राग जात नाही. त्या भाकरीचा पापुद्रा सुटला नाही, एवढं मात्र तिला आठवत होतं.

"आत्या, येतो व," असं ओरडला होता तो दमणीतून. आत्या. तो शब्दही तिचाच, तिनंच शिकवलेला. बोलायला लागला तेव्हा माय म्हणत असे, सरळ, न विचारता, जसं सगळी लेकरं म्हणतात. ऐकलं की हिच्या अंगात गोड कळ उठायची. मग पार्बताबाईनं घाबरवलं. मेलेल्या बाळंतिणीचा जीव लेकरात अडकलेला राहतो, लेकरानं दुसरीला माय म्हटलं की ती रुसते, लेकराला आपल्याकडं ओढून घेते. नाव घेऊन दोन घरं सांगितली तिनं, तशी लेकरं गेलेली. त्याच आठवड्यात पोराला डांग्या खोकला लागला. खोकून खोकून निळं पडायचं. मैना त्याला मांडीवर बसवून पाठ चोळायची आणि खोकल्याच्या उबळीतून सावरून ते "माय" म्हणालं की त्याच्या तोंडावर हात ठेवायची. "माय नाही. आत्या म्हण. आत्या." एकदा चिमटा काढला, दंडाला वळ उठेपर्यंत. पोर शिकलं. खोकलाही गेला. तो औषधानं गेला की त्या शब्दानं, हे तिला कोण सांगणार होतं? जगला, हे खरं. देवघरात जमुनावहिनीच्या टाकापुढं तिनं नारळ फोडला होता आणि मनात म्हटलं होतं, घे बाई, तुझं नाव तुझ्यापाशी. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

"आक्का." मनकर्णा मागच्या दारात उभी होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, हातभर बांगड्या, पोटी अजून काही नाही. ती इकडंतिकडं बघून हलकेच जवळ येऊन बसली आणि उगीच वांगी निवडू लागली. "आक्का, उद्या मले विहिरीवर बसा लागते."

"हाव. बसा न मंग."

"बसीन व. पन म्हनू काय तेथी? बाया म्हणून राहिल्या, एकेक गोष्ट सांगा लागते. लहानपनची. मले तं एकबी ठावं नाही."

"मनात येईन ते म्हना."

"मनात काही आलं पाह्यजे न, आक्का," मनकर्णा म्हणाली आणि तिचे डोळे एकदम भरून आले. "मी आली तवा तो एवढा मोठा पोट्टा होता. मले मायबी म्हनत नाही. अवो, हो, जी, करत राह्यते. उद्या पयल्यानं म्हनन तो. अन् मी तेथी मुकी बसीन तं सारी अमरावती हासन."

मैनाबाईला वाटलं, हसू दे. मनापासून वाटलं. पण समोरची बाई खरंच घाबरली होती, आणि तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं, हीच तर मोठी चीड होती. सगळ्या जन्मात धड रागावण्याजोगा एक माणूस देवानं दिला नव्हता. जमुना मेली होती, नत्थुजी रीतीनं वागला होता, पार्बताबाईनं भल्यासाठी सांगितलं होतं, पोर पोरच होतं. "बोळ्यानं दूध पाजलं म्हना," ती वांग्याकडं बघत म्हणाली. "डांग्या खोकला झाला तवा मांडीवरून खाली ठेवला नाही म्हना."

"बोळ्यानं. खोकला." मनकर्णानं बोटांवर मोजून पाठ केलं. "अजून?"

"इतकं पुरे होईन."

"तुमी माह्यामागंच राह्यजा, आक्का. भुलली तं सांगजा."

सकाळी ताशा वाजू लागला तशा बाया मनकर्णाला हिरवं लुगडं नेसवून परसातल्या विहिरीवर घेऊन गेल्या. ती काठावर आत पाय सोडून बसली आणि खाली पाणी बघून तिनं दोन्ही हातांनी दगड घट्ट धरले. मैनाबाई सगळ्यांच्या मागं उभी होती, जिथं तिनं उभं राहायचं तिथं. "आक्काले येऊ द्या इकडं," मनकर्णा म्हणाली. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. गोदाबाईनं जरा अंग चोरून वाट दिली, आपल्या लुगड्याला हिचं लुगडं लागू नये अशी. मैनाबाई जाऊन मनकर्णाच्या पाठीमागं उकिडवी बसली. सहदेव आला. डोक्याला बाशिंग, हातात कट्यार, अंगाला हळदीचा वास, आणि तीन वर्षांत खांदे असे भरलेले की तिला क्षणभर आपला म्हातारा बापच आठवला. पहाटे तो पाया पडून गेला होता, पण तेव्हा रांगेत किती जणी होत्या! आता तो फेरे घालत होता आणि प्रत्येक फेऱ्याला तिच्या अगदी जवळून जात होता.

"माय, ऊठ," तो म्हणाला. कुणीतरी शिकवल्यासारखा, पण स्वच्छ. मनकर्णाची पाठ थरथरली, ते मैनाबाईला मागून दिसलं.

"नाही उठत," मनकर्णा म्हणाली. "तुले लहानाचा मोठा केला. आता तू बायको आनशीन, मले कोन पाहीन?" आणि बाया "हाव, हाव" करू लागल्या. बोलणं कानावर पडलं होतं, चार माणसांत. मैनाबाईच्या दोन हात पुढं पडलं होतं. मनकर्णानं मान किंचित मागं केली. "बोळ्यानं," मैनाबाई पुटपुटली, आणि मनकर्णा मोठ्यानं म्हणाली, "बोळ्यानं दूध पाजलं तुले! माही बोटं उतून गेली!" बोटांचं तिनं पदरचं घातलं होतं, आणि ते खरं होतं. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "डांग्या खोकला," मैनाबाईनं सांगितलं. "डांग्या खोकला झाला, तवा मांडीवरून खाली नाही ठेवला तुले!" आपली मांडी, आपली बोटं, ती निळी पडलेली जिवणी, सगळं दुसऱ्या गळ्यातून खणखणीत बाहेर पडत होतं आणि लोकांना पटत होतं. आता तो बघेल, असं मैनाबाईला वाटलं. त्याला कळलंच असेल हे कुणाचं आहे ते. बाशिंगाच्या लडी बाजूला करून तो एकदा इकडं बघेल, मग मला काही नको. सहदेव बघत होता तो दमणीच्या बैलांकडं. त्यांना झुली चढवत होते आणि एक बैल दांडगाई करत होता.

"अजून," मनकर्णा दातातल्या दातात म्हणाली. "आक्का, अजून सांगा न."

मैनाबाईनं तोंड मिटून घेतलं. तिच्यापाशी होतं, खंडीभर होतं. पण आता देणार नव्हती. ताशेवालाही थांबला होता. मनकर्णानं पुन्हा मान मागं केली, वाट पाहिली, आणि मग बिचारीनं जीव एकवटून मनचंच ठोकून दिलं. "तुले इच्चू चावला, तवा रातभर तुले खांद्यावर घेऊन फिरली मी! आठवते का रे, लेका?"

"आठवते न, माय," सहदेव म्हणाला. "आठवते. तुह्या हाताखाली सून आनतो, तुले पानी भरू देनार नाही. ऊठ आता."

"याले इच्चू कधी चावलाच नाही," मैनाबाई म्हणाली. ती मोठ्यानं बोलली, उभं राहून बोलली, हे तिला बायांची तोंडं वळली तेव्हा कळलं. विंचू चावलाच नव्हता. मळ्यातलं घर, भिंतीला भेगा, पावसाळ्यात रोज एक मारला जायचा. तेरा वर्षं रोज दिवेलागणीला तिनं त्याचं अंथरूण उचलून झटकलं होतं, उशी उलटी करून पाहिली होती, घोंगडीची घडी बोटांनी चाचपली होती. तिला स्वतःला दोनदा चावला, त्या चाचपण्यातच. त्याला एकदाही नाही. हे सगळं तिला सांगायचं होतं, आणि बोलायला गेली तर तोंडातून पुन्हा तेवढंच आलं, "कधीच नाही चावला."

"मैने, गप न!" खुशालराव मांडवातून ओरडला. "मुहूर्त टळून राहिला तेथी!" बाया हसल्या, लग्नात कुणीतरी असं काही बोलतंच. सहदेवनं मनकर्णाचा हात धरून तिला काठावरून उठवलं. मग त्यानं बाशिंगाच्या लडी बाजूला केल्या आणि मैनाबाईकडं पाहिलं, चांगलं मायेनं पाहिलं.

"चावला असन, आत्या," तो म्हणाला. "तुले ध्यानात नसन आता."